एकाच वावराच्या दोन गाड्या

कापसाच्या त्या वाईट वर्षांत आम्ही कापूस बाजारात रास्त भावाची मागणी करणारी पत्रकं वाटायचो. एक दिवस माझ्या मावशीच्या राळेगावच्या वावरातल्या कापसाच्या दोन गाड्या तिथं उभ्या होत्या. मालाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरनं पहिली पास केली, पण दुसरीतला वरचा पिवळट कापूस चिमटीत धरला आणि "मिसळीचा माल" म्हणून गाडी नाकारली. चिमटीभर पाहून गाडीभर न्याय. मी भांडायला निघालो, तर सोबत पत्रकं वाटणाऱ्या भौतिकशास्त्राच्या मॅडमनी अडवलं. त्या लघुग्रहांचा अभ्यास करायच्या.

"एक मोठा दगड फुटला की त्याच्या तुकड्यांचं कुटुंब होतं. त्यांच्यावरून आलेल्या उजेडाचे रंग वेगळे केले, की आतलं खनिज कळतं, अन् कोण कोणाचं तेही."

"मॅडम, इथं गाडी परत चालली, तुमी आभाळातले दगड कायले सांगता?" मी म्हणालो.

"कारण सूर्याच्या माऱ्यानं वरचा रंग बदलतो अन् सख्खे तुकडे परके वाटतात. मग आम्ही नुकती धडक बसलेली जागा शोधतो. तिथं आतलं उघडं पडतं."

मावशी म्हणाली, "या गाडीतला कापूस आठवडाभर उन्हातच होता ना बाप्पा."

"साहेब, कोपरापर्यंत हात घाला," मी ग्रेडरला म्हणालो. कुरकुरत त्यानं घातला. आतला पुंजका पहिल्या गाडीसारखाच पांढरा निघाला.

गाडी वजनकाट्याकडे गेली. आता मलाच राहवेना. मी मॅडमना विचारलं, "पण तो आभाळातला मूळ दगड फोडला कोणी?"