किती जणी राहणार?

मंडळी, आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. चाकूरच्या आमच्या बौद्ध घरात कुणी 'भूत' म्हटलं तरी वडील हातातला घास खाली ठेवून व्याख्यान द्यायचे. हे लिहितानाही ते समोर बसलेत असं वाटून जरा लाज वाटतेय...

मी नांदेडला एका छोट्या संस्थेत आहे. स्टेशनवर, बसस्टँडवर राहणाऱ्या तरुण पोरा-पोरींना काम आणि भाड्याची खोली मिळवून द्यायची, ती टिकवायला मदत करायची, हे आमचं काम. वर्षा आणि गंगासागर अशाच स्टेशनवरच्या. तिथे पोरी सगळ्या एकाच वेळी झोपत नाहीत. एक झोपते, दुसरी उशाशी बसून राखण करते, मग पाळी बदलते. गंगासागर घोगऱ्या आवाजाची, महा खोडकर. सगळे मला ताई म्हणायचे, ही एकटी "चाकूरबाई!"

दोघींसाठी तरोड्याला वरच्या मजल्यावर खोली ठरली आणि राहायला जायच्या आधीच गंगासागर काविळीने गेली. फार वाईट वाटलं. चार भिंती बघायलाही मिळाल्या नाहीत पोरीला.

वर्षा एकटीच राहायला गेली, पण तिला झोपच येईना. आम्ही काम लावून दिलेल्या मेसमध्ये पोळ्या करताना डुलकी लागून तव्यावर हात भाजला. "ताई, मी स्टेशनला वापस जाते. तिथं कुणीतरी जागं असतंय," म्हणाली. कशीबशी थोपवली तिला.

मग घरमालकीण मावशींचा फोन. "खोली एकीला दिली अन् राहून राहिल्या दोघी! बोलल्याचा आवाज येतोय की खाली. हे चालायचं न्हाई."

स्टेशनवरची कुणीतरी आणून ठेवली असणार, म्हणून मी तणतणत गेले. भर दुपार. दाराला आतून कडी. वाजवलं तर आतून दबक्या आवाजात —

"चाकूरबाई, नका उठवू तिला. आत्ताच डोळा लागलाय."

"बरं," म्हणून मी जिना उतरायलाही लागले... आणि मधल्या पायरीवर थांबले. चाकूरबाई?

परत जाऊन दार बडवलं. बऱ्याच वेळाने वर्षाने उघडलं. डोळे झोपेने सुजलेले, गालावर चटईचे वळ. आत दुसरं कुणी नाही. दार एकच, खिडकीला गज.

"कोण होतं गं आत?"

"मी झोपले व्हते ताई. लई दिवसानी झोपले." मग ती दाराशी अंथरलेल्या दुसऱ्या, रिकाम्या सतरंजीवरची चादर सारखी करत उशाशी बसली. "तिनं तरी किती जागायचं? आता माझी पाळी हाय."

मावशींना मी शपथेवर सांगितलं, पोरगी एकटीच राहते. त्यांना पटलं नाही. खोली गेली.

तेव्हापासून वर्षाला तात्पुरतं ऑफिसात झोपवून आम्ही खोल्या बघतोय. मालक विचारतात, किती जणी? मी तोंड उघडायच्या आत वर्षा म्हणते, "दोघी." मग दुसरीचं आधारकार्ड दाखवा! झालं, चला बाहेर. ही पुन्हा प्लॅटफॉर्मवर जाणार, या भीतीने माझीच झोप उडालीय.

तो आवाज कुणाचा, मला आजही सांगता येत नाही. भास म्हणा, उन्हाचा त्रास म्हणा... मीही स्वतःला तसं सांगून पाहिलं. पटलं नाही.

परवा देगलूर नाक्याला एक खोली पाहिली. म्हाताऱ्या चाचांनी चावी हातात धरूनच विचारलं, "कित्ती जणी राहणार, बेटा?"

या वेळी वर्षा काहीच बोलली नाही. तेच तेच सांगून थकली होती. नुसती चाचांच्या हातातल्या चावीकडे बघत होती.

मी म्हटलं, "दोघी."