बायकोचं नाव लिहू नये

आमच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत फंडाच्या कागदावर कुणी बायकोचं नाव घालत नसे. आपल्या माघारी पैसे कुणाला द्यायचे, त्या रकान्यात भावाचं नाव, नाहीतर बापाचं. बायकोचं लिहिलं तर ती विधवा होते, अशी समजूत. बॉयलरपुढे रोज जीव टांगून काम करणारे गडी या एका रकान्याला टरकून असत.

माझे वडील तिथं फिटर होते. नोकरीला लागले तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, म्हणून त्यांनी थोरल्या भावाचं नाव दिलं होतं. लग्नानंतर टाइमकीपरनं ते बदलायची आठवण केली आणि त्यांनी घरी विषय काढला. आईनं हातातलं उलथनं भिंतीवर फेकून मारलं. "माझं कुंकू पुसायला निघालाव का?" एवढंच म्हणाली. त्या रात्री चूल पेटली नाही. आई चकलांब्याची, सातवी शिकलेली, झोकात सही करणारी. पण गोष्ट कुंकवावर आली की तिचं शिक्षण चुलीत.

मग दुष्काळ पडला. उभा ऊस तोडून छावणीतल्या जनावरांना घातला, कारखाना बंद राहिला. वसाहतीत टँकर आला की माणसं पाईप घेऊन धावत, घागरींनी एकमेकांची डोकी फोडत. वॉल्व्ह उघडायला वडील जात, कारण त्यांचं जरा तरी कुणी ऐकायचं. एका दुपारी टँकर थांबायच्या आतच लोकांनी त्यावर उड्या मारल्या. त्या रेटारेटीत वडील मागच्या चाकाखाली गेले. मी ओट्यावरून पाहिलं. त्यांना ओढून बाजूला घेतलं, कुणीतरी वॉल्व्ह उघडला आणि लोक पाणी भरायला लागले. त्या लोकांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

तेराव्याची पंगत उठल्यावर चुलता आत आला. सोबत चुलती. त्याच्या हातात लिहून आणलेला स्टँपपेपर आणि शाईचा पॅड होता. फंडाच्या कागदावर नाव त्याचंच होतं, पण बायकोची संमती आणा, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आई म्हणाली, पोरीचं शिक्षण व्हायचंय, मी देणार नाही. चुलत्यानं सही मागितलीच नाही. सही जबरदस्तीनं करून घेता येत नाही, अंगठा घेता येतो, एवढी अक्कल त्याला होती.

चुलतीनं आईचे केस धरले. चुलत्यानं तिचा हात पिरगाळून पॅडवर दाबला. नुकत्याच फोडलेल्या बांगड्यांच्या जखमा मनगटावर होत्या, त्या उकलल्या. आई त्याच्या दंडाला चावली, तर त्यानं तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. कपाळ फुटलं. ती भान हरपून गळाल्यावर त्यानं निवांत अंगठा उठवून घेतला.

मी कॉलेजात जाणारी पोर. पाट्यावरचा वरवंटा दोन्ही हातांनी उचलला आणि कागदावर टेकलेल्या त्याच्या पंजावर घातला. बोटं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. चुलता बैलासारखा ओरडला. मी पुन्हा वरवंटा उचलला तशी चुलती आईचे केस सोडून दाराबाहेर पळाली. मला तेव्हा बरं वाटलं होतं, आजही आठवलं की बरंच वाटतं.

तेवढ्यात आई सावध झाली. तिनं तो कागद ओढून घेतला, तोंडात कोंबला आणि बसल्या जागी चावायला लागली. शाई, रक्त, स्टँप, सगळं. चुलता हात छातीशी धरून बघतच राहिला. तिनं चोथा त्याच्या पायाशी थुंकला आणि म्हणाली, "जावा आता."

पुढं मी तिला फंडाच्या कचेरीत घेऊन गेले. साहेबानं कागद पाहिला आणि सांगितलं की लग्नाआधी दिलेलं भावाचं नाव लग्न झालं त्या दिवशीच रद्द झालं. पैसे बायकोचे आणि पोरीचे. ज्यासाठी चुलता आम्हाला मारायला उठला, ते त्याचं कधी नव्हतंच. आई बाहेर आली आणि पायरीवर बसून कपाळावरच्या टाक्यांवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "मी न्हाई लिवू दिलं नाव. कुंकू ऱ्हायलं का मग?"

माझं लग्न पाटोद्यात लागलं. मुलगा दूध संघात नोकरीला. रुखवतात बायका लाडू-शेवया मांडत होत्या, त्यात आईनं मधोमध वरवंटा ठेवला. लोक हसले. मी हसले नाही.

पाठवणीची वेळ झाली. मी जीपमध्ये बसणार तोच आई जावयापुढं फंडाचा कागद घेऊन उभी राहिली. तो तिनं आधीच त्याच्या कचेरीतून मागवून आणला होता. मांडवात एकच कालवा झाला. हळदीच्या अंगानं मरणाचा कागद? माझी सासू कपाळ बडवायला लागली. नवऱ्याचा मामा हात उगारून आईच्या अंगावर धावला. आई जागची हलली नाही. पदर सरकून कपाळावरचा व्रण उघडा पडला होता.

"आदी लिवा," ती जावयाला म्हणाली. "मग पोरगी न्या."

नवऱ्यानं जीपच्या बोनेटवर कागद ठेवून माझं नाव लिहिलं. आईनं ते एकदा वाचलं, खाली सही आहे का ते पाहिलं आणि मग ती रडायला लागली. वडील गेल्यापासून तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

वरवंटा माझ्याकडे आहे. नवरा अजून धडधाकट आहे, आणि त्याला चटणी पाट्यावरचीच लागते.