उद्याची वीज आज सांगायची

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमची लहानशी फाउंड्री होती. लोखंड वितळवायची विजेची भट्टी, वाळूचे साचे, हाताखाली थोडी माणसं. मी कोपऱ्यातल्या केबिनमध्ये बसून बिलं आणि फोन बघायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वीज केव्हा जाईल याचा नेम नसायचा, आणि रस अर्धवट झाला असताना ती गेली की लोखंड भट्टीतच गोठायचं.

म्हणून वीज कचेरीनं नवी पद्धत आणली. उद्या भट्टी किती वाजता लावणार, ते आदल्या दुपारी सबस्टेशनला फोन करून सांगायचं. मिळालेल्या वेळात वीज तोडणार नाहीत. पण सगळ्यांच्या भट्ट्या एका वेळी चालणार नाहीत, वेळा वाटून घ्यायच्या.

हे समजावायला एक तरुण इंजिनिअर आला. कारखानदारांना हॉलमध्ये बसवून त्यानं फळ्यावर दिवसाचे चौकोन आखले आणि म्हणाला, "जेवणार तेवढंच सांगा. कुणी जास्त सांगून पानात टाकलं, तर दुसरा उपाशी राहील." मग सराव म्हणून त्यानं एकेकाला उद्याचं विचारलं. आमच्या धंद्यात भट्टी 'बंद' आहे असं चारचौघांत कुणी म्हणत नाही. अपशकुन तर आहेच, शिवाय काम नाही हे गावभर होतं आणि माणसं दुसरीकडे निघून जातात. तेव्हा जो तो छाती काढून चौकोन मागायला लागला. इंजिनिअर बिचारा खडूनं डोकं खाजवत राहिला.

माझे यजमान उठले. "सकाळी आठ ते बारा. फुल लोड."

मी चपलांकडे बघत बसले. साताऱ्याच्या ज्या कारखान्याला आम्ही पंपाचे भाग ओतून द्यायचो, त्यांनी मागणी थांबवली होती. आमची भट्टी थंडगार पडून होती.

सराव संपला आणि पद्धत लागू झाली. रोज दुपारी फोन करायचं काम माझ्याकडे आलं. "उद्या आठ ते बारा," मी सांगायची, आणि आवाज शक्य तितका कामात असल्यासारखा ठेवायची. सकाळी आमची माणसं स्कूटर-लुना लावून आत येत, तीच वाळू पुन्हा चाळत. बाहेर आवाज जावा म्हणून यजमान भट्टीला थंड ठेवणारा पाण्याचा पंप नुसताच चालू ठेवत. मला त्या पंपाची इतकी लाज वाटायची की फाटकाशी कुणी आलं तर मी केबिनबाहेर पडत नसे. एकदा सबस्टेशनचा ऑपरेटर फोनवर हळूच म्हणाला, "वैनी, तुमच्या टायमाला आमचा काटा हलत न्हाई. भट्टी बिघडलीया का?"

"व्हय, दुरुस्ती चाललीय," मी म्हणाले.

आमच्या शेजारची शेडही फाउंड्रीच होती, मध्ये एक लहान फाटक. तिचे मालक यजमानांच्याच गावचे, म्हसवडकडचे, तिथल्या बौद्ध वस्तीतले. त्यांच्याकडे काम भरपूर होतं, पण सकाळ आम्ही अडवून बसलेलो. त्यांच्या वाट्याला रात्र आली होती. सकाळी त्यांची माणसं लाल डोळ्यांनी घरी जाताना मी काचेतून बघायची आणि काच पुसल्यासारखं करायची. यजमानांना मी म्हटलं, सोडून द्या ती वेळ. ते म्हणाले, "त्याची भट्टी पेटलेली आणि माझी थंड, हे गावात कळू दे म्हणतीस?"

मग एके दिवशी ते शेजारीच आले. म्हणाले, "दादा, आमच्या भट्टीची कॉइल जळाली. उद्याचा माल तुमच्या भट्टीवर ओतून द्या की. साचे बी तुमचीच माणसं करू द्यात. मजुरी रीतसर घ्या."

आमच्या शेडला जीव आला. दुपारभर आमच्या माणसांनी त्यांचे साचे केले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्याच त्या आठ ते बारात, भट्टी लाल झाली. रस ओतताना यजमान कमरेवर हात ठेवून सगळ्यांच्या देखत शेजाऱ्यांना सांगत होते, "कॉइलचं पाणी बघत जा रं. भट्टी म्हंजे जनावर हाय गड्या, दुर्लक्ष केलं की आटोपलं."

"व्हय दादा, चुकलंच आमचं," ते मान हलवत म्हणत होते.

त्यांच्या माणसांना चहाला बोलवावं म्हणून मी मधल्या फाटकातून पलीकडे गेले. कॉइल जळाली की शेडभर वास सुटतो, आणि ती काढून बाहेर ठेवतात. तिथं वास नव्हता. कॉइल जागच्या जागी होती. भट्टीच्या तोंडाशी हात नेला तर रात्रीची धग अजून होती.

वळले तर शेजारचे मालक मागेच उभे.

"वैनी, दादास्नी सांगू नगा," ते म्हणाले. "आमाला सकाळ पायजे हुती. त्यास्नी काम पायजे हुतं."

"सरळ तक्रार करायची होती," मी म्हणाले. "वेळ तुम्हाला मिळाली असती."

"आवं, मग समद्यांना कळलं असतं. गावात तुमच्या सासूबाईंच्या कानावर गेलं असतं. म्हातारपणी कशाला त्यांच्या जिवाला घोर?"

गावी माझ्या सासूबाई या शेजाऱ्यांच्या आईला चहा देत, तो अंगणात आणि वेगळ्या कपात. तो कप कोनाड्यात उपडा असायचा. लग्न होऊन आल्यावर मी तो चुकून आत आणला, तेव्हा मला बोलणी बसली होती, आणि मी तो मुकाट्यानं परत नेऊन ठेवला होता. हे त्यांना माहीत नसेल असं थोडंच आहे. मला त्यांच्याकडे बघवेना. चहाचं बोलायचंही राहून गेलं.

दुपारी फोनची वेळ झाली. यजमान समोरच बसले होते. मी ऑपरेटरला म्हणाले, "उद्यापासून आठ ते बारा शेजारच्यांना द्या. आमची भट्टी बंद आहे."

रिसीव्हर ठेवला आणि ओरडा ऐकायची तयारी केली. ते ओरडले नाहीत. टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"त्याची कॉइल जळाली नव्हती," ते म्हणाले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला लागतंय? काल तो दारात उभा राहिला, तवाच कळलं."

"मग सगळ्यांसमोर एवढं का ऐकवलंत त्यांना?"

त्यांनी मान वर केली नाही.

"बोलत राहिलो नसतो, तर तिथंच रडलो असतो गं."