छपरासाठी धूर

त्या गवती छपराच्या शेतघरात शिरलो आणि लगेच शहाणपणा केला. आत धूर कोंडला होता, म्हणून कुणाला न विचारता मागचं सरकतं दार सताड उघडलं आणि हातातल्या पेपरने धूर बाहेर हाकलू लागलो. रविवारी नागोयाहून बायकोसोबत जुनी जपानी घरं बघायला आलेला मराठी इंजिनिअर, दुसरं काय करणार!

घराचे मालक, एक आजोबा, हसतच उठले. त्यांनी दार लावून घेतलं आणि जमिनीतल्या चौकोनी चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

"धूर आपल्यासाठी नाही, छपरासाठी आहे," ते म्हणाले. "तो नसला की गवताला कीड लागते."

आजोबा एकटेच राहत होते. मुलगा शहरातल्या फ्लॅटवर बोलावत होता.

"मग जात का नाही?" माझ्या बायकोने मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं.

खोकला आवरत त्यांनी वर काळ्याभोर वाशांकडे पाहिलं. "मी गेलो तर इथली चूल कोण पेटवणार?"

परतताना बसमध्ये मी सारखे डोळे पुसत होतो.

"धूर गेला डोळ्यांत," मी म्हटलं.

"असेल हो," बायको म्हणाली. "मीही रोज गॅस पेटवते, तो घर टिकावं म्हणूनच. तेव्हा नाही आलं कधी तुमच्या डोळ्यांत पाणी!"