अबेनाच्या नाटकाचा शेवट बदलणार नाही

टीव्हीवर अबेना बऱ्याचदा मेली. मंगळवारी ती खरंच गेली.

तेव्हापासून मेसेज येताहेत. "हॉस्पिटलच्या सीरियलमधली ती नर्स ना? सो सॅड."

हो, तीच. पण माझ्या वॉलवर तिला नर्स म्हणू नका. लेखिका, दिग्दर्शिका, अभिनेत्री. याच क्रमाने.

अबेना घानाची. तिथल्या आक्रा शहरात फिरत्या नाटक कंपनीत वाढली, तरुणपणी इंग्लंडला आली. इथे नॉटिंगहॅमला तिचं घर माझ्या घराला लागून.

तिला रोल मिळायचे ते नर्सचे, क्लीनरचे, मुलगा गमावलेल्या आईचे. दुसऱ्या एपिसोडपर्यंत बहुतेक मरायची.

एका डायरेक्टरने सांगितलं, "अ‍ॅक्सेंट जरा आणखी आफ्रिकन करा."

ही म्हणाली, "कुठल्या गावचा देऊ?"

त्याच्याकडून पुन्हा काम आलं नाही. हिनेही मागितलं नाही.

मग स्वतःच लिहायला लागली, स्वतःच डायरेक्ट करायला लागली. चर्चचे हॉल, शाळांचे जिम. एक शॉर्ट फिल्म तर आमच्या कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रेटमध्ये, कपडे धुण्याची मशीन्स चालू असताना.

तालमीआधी सगळ्यांनी मिळून हॉल झाडायचा, हा तिचा नियम. कोणी कुरकुर केली की म्हणायची, "जिथे उभं राहायचंय ती जागा आधी ओळखून घ्या."

शेवटचं नाटक एका म्हातारीचं. मुलं तिला केअर होममध्ये ठेवायला निघालेली. शेवटी ती कोट चढवते, दार उघडते आणि फिरायला निघून जाते. बस.

एका मोठ्या थिएटरला ते आवडलं. अट एकच, म्हातारी दारातच कोसळून मरायला हवी. प्रेक्षक रडत बाहेर पडले पाहिजेत.

"मग तिकिटाबरोबर कांदे वाटा," अबेना म्हणाली.

थिएटरने नाटक सोडलं.

त्यात तिचा आजार सुरू झालेला. औषधांमुळे पाठ केलेल्या ओळी निसटायच्या. सगळे म्हणाले, म्हातारीचा रोल दुसरीला दे.

ती माझ्या किचनमध्ये येऊन बसली.

"सुधा, कॉलेजच्या नाटकात तू काय करायचीस?"

"प्रॉम्प्टिंग. विंगेत उभी राहून."

"अजून जमेल?"

"तू पाठ करणार असशील तर जमेल. सगळं मीच बोलायचं असेल तर रोलही मीच करते."

त्याच संध्याकाळी पाठांतराला बसली.

आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या शैलाने मला ऐकवलंच. "काय गं, आपल्या गणपतीतल्या नाटकाला वेळ नाही, आणि तिच्याकडे रोज?"

"तुमच्याकडे संवादांच्या आधी साड्या ठरतात," मी म्हटलं.

पहिला प्रयोग कम्युनिटी सेंटरमध्ये. मध्यावर अबेना अडली. मी विंगेतून वाक्य दिलं, पुण्यात शिकले तसं, प्रेक्षकांना पत्ता लागू न देता. तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा दिलं. हॉल शांत.

ती सरळ माझ्याकडे वळली.

"सिस्टर, बाहेर येऊन बोल. लपण्यासारखं आपण काय केलंय?"

लोक हसले. मी खुर्ची उचलून स्टेजवर गेले आणि उरलेलं नाटक तिथेच बसून प्रॉम्प्ट केलं. पुढचे सगळे प्रयोग तसेच झाले.

आणि प्रत्येक प्रयोगाला ती कोट घालून, स्वतःच्या पायांनी, त्या दारातून बाहेर गेली. ज्यांना रडायचं होतं ते आपले आपण रडले.

काल तिची मुलगी एसी माझ्याकडे आली. त्याच थिएटरचा फोन आला होता. अबेनाच्या स्मरणार्थ हेच नाटक करायचंय, मोठ्या स्टेजवर. फक्त शेवट जरा बदलून. आता ती खरंच गेलीये, तर म्हातारीचं मरण फार टचिंग वाटेल म्हणे.

एसीचा चेहरा उतरलेला. "आन्टी, मम्मीला आयुष्यभर मोठं स्टेज हवं होतं. काय सांगू त्यांना?"

"निर्णय तुझा आहे. पण मला विचारतेस तर सांगते. तिला स्टेज हवं होतं. त्यावर मरायचं नव्हतं."

एसीने माझ्यासमोरच फोन लावला.

"माझी आई चालत बाहेर जाते," ती म्हणाली. "तसं करणार असाल तर बोलू."

आणि फोन ठेवला.

नीट जा, अबेना. एका शब्दालाही कोणी हात लावणार नाही. आम्ही आहोत.