शेवट न पाहिलेले सिनेमे

साठेकाकांबरोबर सिनेमा पाहिलेल्या प्रत्येकाकडे त्यांचा एखादा तरी किस्सा असतो. माझ्याकडे ढीग साचलाय, कारण अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या ज्या बेसमेंटमध्ये दर शनिवारी दुपारी आमचा ग्रुप जमतो ते माझं, आणि रिमोट मात्र त्यांच्या हातात! काकांनी सगळी नोकरी गाड्यांच्या कंपनीत इन्स्पेक्शनमध्ये काढली. रिटायर झाल्यापासून ते सिनेमे तपासतात. आम्हाला आवडतात जुन्या अमेरिकेतले, डोंगरात एकट्यानं राहून कातडीसाठी बीव्हर नावाचे प्राणी पकडणाऱ्या दाढीवाल्यांचे सिनेमे. आजवर एकाचाही शेवट पाहिलेला नाही.

*

पहिल्याच शनिवारी हीरोनं अस्वलावर लागोपाठ तीन गोळ्या झाडल्या. काकांनी पॉज केलं. तेव्हाची बंदूक एकदाच उडायची, मग पुन्हा दारू ठासायची, हे त्यांनी साभिनय दाखवलं. त्यांचं ठासणं संपेपर्यंत भजी गार. अस्वल वीस मिनिटं पंजा उगारून उभं!

*

पुढचा हीरो तीन महिने उपाशी होता. काकांचं लक्ष त्याच्या दातांवर. "इतके पांढरे? हा डोंगरात गेलाय की डेंटिस्टकडे?"

नेमका तेव्हाच तो मरत होता. माझी बायको रडायच्या बेतात होती, ते राहूनच गेलं.

*

मग मी रिमोट लपवला. काकांनी मेन स्विच बंद केला. सिनेमात वायोमिंग म्हणून दाखवलेला डोंगर कॅनडातला होता म्हणे. काका तिथे ट्रिपला जाऊन आले होते.

काका, गोष्ट आहे ती, थोडं इकडचं तिकडे चालतं, असं मी समजावलं.

"चुकीचा पार्ट बसवला तर गाडी चालते का?"

*

गेल्या शनिवारी मी सगळ्यांना बजावलं होतं, आज शेवट बघायचाच. दहा मिनिटं उरली. हीरो बर्फातून सरपटत घराकडे निघालेला. पॉज! बर्फ खोटा आहे, त्याच्या तोंडातून वाफ येत नाही.

आणि काका खरा बर्फ सांगायला लागले. ते अमेरिकेत पहिल्यांदा उतरले तेव्हा वादळ, गाड्या बंद, डोक्यावर सुटकेस, कमरेइतक्या बर्फातून चार मैल पायी, मागे लांडग्यासारखं काहीतरी. एरवी कोपऱ्यात फोनमध्ये डोकं खुपसून बसणारी त्यांची नात फोन ठेवून जवळ सरकली.

"देन व्हॉट, आजोबा?"

काकू डॉक्टर, काकांच्या वर्षभर आधी इथे आलेल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुम्ही जूनमध्ये आलात. एअरपोर्टवर मीच गाडी घेऊन आले होते."

काकांनी नातीवरची नजर काढली नाही.

"जूनमध्ये आलेल्याचं कोण ऐकतं?"