किल्लेदाराचं शेवटचं प्रकरण

उत्तरेकडे बर्फात आमची पोस्ट होती. मी हवालदार, नाहूरचा. खालच्या पोस्टवर नाईक सुदाम कांबळे, वाकोल्याचा. दोघांना व्यसन एकच. मध्ययुगातल्या एका किल्लेदाराच्या साहसांची कादंबरीमाला. वेढे, भुयारं, तलवारी. घरी असताना असल्या पुस्तकांना मी नाक मुरडायचो. तिथे दुसरं होतं काय डोंबल!

पुस्तक एक, वाचणारे सगळे. म्हणून प्रत्येक भाग आम्ही ब्लेडने कापायचो. तुकडे रेशन पार्टीबरोबर एका पोस्टवरून दुसरीवर जायचे. नियम एवढाच, पुढचं कुणी सांगायचं नाही. एकाने फितूर कोण ते आधीच फोडलं, तर कांबळे त्याच्याशी बरेच दिवस बोलला नाही. असा येडा माणूस.

पाचव्या भागाचा शेवटचा तुकडा माझ्याकडे अडकला. बर्फामुळे रेशन पार्टी निघत नव्हती. कांबळे रोज रेडिओवर माझा उद्धार करायचा.

एका दुपारी वरचा बर्फाचा कडा सुटला. खालच्या पोस्टची बाकी पोरं बाहेर होती, ती वाचली. कांबळे आत रेडिओ सेटवर होता. बंकरसकट गाडला गेला. रेस्क्यू पार्टी खणायला धावली. मला सेटवर बसवलं. कॅप्टनसाहेब म्हणाले, "सोने मत देना उसे. बात करते रहो."

"कांबळे, ऐकतोयस? ओव्हर."

"ऐकतोय. पाय दबलेत. लय थंडी आहे यार. ओव्हर."

"पोरं खणतायत. जागा राहा. ओव्हर."

"मग वाच ना. तुकडा आहे ना तुझ्याकडे? ओव्हर."

मी वाचत गेलो. मध्ये मध्ये थांबून त्याला हाक मारायचो. आधी तो "झकास" म्हणायचा, मग नुसतं "हं". शेवटच्या प्रकरणात किल्लेदार दरवाज्यात पडतो. ते वाचायला माझी जीभ रेटेना. मी त्याला घोड्यावर बसवला आणि सुखरूप बाहेर काढला.

सेटवर आवाज आला, "खोटं बोलतोस. तो मरतो ना रे? ओव्हर."

"हो. ओव्हर."

"मग लिहिलंय तसं वाच. ओव्हर."

मी लिहिलं होतं तसं वाचलं. रडत वाचलं. संपल्यावर ओव्हर म्हणालो. पलीकडून काहीच आलं नाही. पोरं पोचली तेव्हा तो गेला होता.

सुट्टीत वाकोल्याला त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा दिला. समोर बसली आणि विचारलं, "शेवटी एकटाच होता का रे तो?"

"नाही आई. मी होतो सेटवर. वाचून दाखवत होतो."

"ऐकलं त्याने?"

"सगळं ऐकलं. मला रागावलापण."

त्यावर ती माउली हसली, आणि मग तिला रडू आवरेना.